पेनड्राइव्हमधील फोल्डरांचे पुन्हा पुन्हा शॉर्टकट होत असतील, तर बिघाड घरच्या संगणकात शोधावा

पेनड्राइव्ह संगणकाला जोडला की आतील फोल्डर नेहमीच्याच नावांनी दिसतात. मात्र प्रत्येकाच्या चिन्हावर डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात एक इवलासा वळलेला बाण चिकटलेला असतो आणि एरवी फोल्डरासमोर जो आकाराचा रकाना कोराच असतो, तेथे एक-दोन केबी असा आकडा उमटलेला असतो. दोनदा क्लिक केले तर फोल्डर उघडतोही, त्यामुळे आठवडाभर कोणाला संशय येत नाही. मग एखाद्या दिवशी अँटिव्हायरस हे सगळे बाणवाले फोल्डर पुसून टाकतो, पेनड्राइव्ह रिकामा दिसू लागतो आणि घरात धावपळ सुरू होते. पेनड्राइव्ह फॉर्मॅट करावा, चार दिवस बरे जावेत आणि पाचव्या दिवशी बाण पुन्हा हजर व्हावेत, असे चक्र ज्यांच्या घरी चालू आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

माझ्या थोरल्या भावाच्या घरी, कराडला, गणपती ते दिवाळी एवढ्या अवधीत हा प्रकार तीनदा घडला. पुतणी महाविद्यालयाच्या प्रकल्पाच्या प्रिंट काढण्यासाठी पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जात असे, म्हणून दोष साहजिकच दुकानाला दिला गेला. तो दोष सर्वस्वी खोटा होता असे नाही. दिवसभर शंभर जणांचे पेनड्राइव्ह ज्या संगणकाला लागतात, त्यावर काहीतरी असणारच. पण दुकान बदलले, पेनड्राइव्ह नवा घेतला, तरी त्रास थांबला नाही, तेव्हा प्रश्न दुकानातून आत शिरलेल्या गोष्टीचा न राहता घरात मुक्कामाला राहिलेल्या गोष्टीचा झाला. माझे म्हणणे एवढेच आहे की पेनड्राइव्ह हे लक्षण असून आजार संगणकात असतो. आणि संगणकाच्या संरक्षणाची जी दारे आपण स्वतःच, किंवा आपल्या वतीने कोणीतरी, उघडी ठेवलेली असतात, ती बंद केल्यावाचून कितीही वेळा फॉर्मॅट केले तरी उपयोग होत नाही.

बाणामागे काय दडलेले असते

या प्रकारच्या व्हायरसला तांत्रिक भाषेत वर्म म्हणतात, कारण तो स्वतःच्या प्रती काढत एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातो. तो आपल्या फाइली नष्ट करत नाही. पेनड्राइव्हवरील खऱ्या फोल्डरांना तो ‘हिडन’ आणि ‘सिस्टम’ अशा दोन खुणा लावतो, त्यामुळे ते साध्या मांडणीत दिसेनासे होतात, आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट तयार करून समोर ठेवतो. त्या शॉर्टकटवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘टार्गेट’ हा रकाना वाचावा. तेथे फोल्डराचा पत्ता नसून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला दिलेला हुकूम असतो: आधी अमुक स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची छोटी फाइल, चालव आणि मग खरा फोल्डर उघडून दाखव. फोल्डर उघडतो तो या दुसऱ्या भागामुळे. पहिला भाग तोवर आपले काम उरकून संगणकात शिरलेला असतो.

एके काळी एवढ्याही खटाटोपाची गरज नव्हती. विंडोज एक्सपीच्या दिवसांत पेनड्राइव्ह नुसता जोडला तरी ‘ऑटोरन’ नावाच्या सोयीमुळे त्यावरील कार्यक्रम आपोआप चालू होऊ शकत असे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हपुरती ही सोय काढून टाकली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या एक्सपी व व्हिस्टा संगणकांनाही अपडेटमधून तीच दुरुस्ती पुरवली. यंत्र स्वतःहून फसेनासे झाल्यावर माणसाकडून क्लिक करवून घेण्याच्या युक्तीला भाव आला, आणि आपल्याच फोल्डराच्या नावावर क्लिक करताना कोण विचार करतो? या कुळातील ‘जेनक्सकस’ नावाचा वर्म इतका पसरला होता की जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्याविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयामार्फत कारवाई केली. तो व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेला होता, फोल्डर लपवणे हे त्याचे केवळ पसरण्याचे साधन होते. त्याचे खरे काम दूर बसलेल्या माणसाच्या हाती आपला संगणक देणे हे होते. म्हणून ‘फाइली तर परत मिळाल्या, मग काय बिघडले’ असे म्हणून हा विषय सोडून देऊ नये.

दोष घरचा की बाहेरचा, हे ठरवणारी चाचणी

यासाठी एक रिकामा, नुकताच फॉर्मॅट केलेला पेनड्राइव्ह घ्यावा. घरच्या संगणकाला जोडून त्यावर ‘चाचणी’ नावाचा फोल्डर करावा, त्यात, हरवली तरी चालेल अशी एखादी फाइल टाकावी आणि काहीही न करता मिनिटभर थांबून एफ५ ही कळ दाबावी. फोल्डराला बाण फुटला तर व्हायरस घरच्या संगणकात या क्षणी जिवंत आहे. दिवसभरातही काही झाले नाही, तर तो बहुधा दरवेळी बाहेरूनच येतो आहे.

भावाच्या घरी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दहा घरेही पुढे सरकला नव्हता, तोच ‘चाचणी’चा शॉर्टकट झाला. मी तो पुसला. आमच्या डोळ्यांदेखत तो परत आला. गंमत अशी की त्याच वेळी कोपऱ्यात विंडोज डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची, सूचनाही येत होती, की धोका सापडला आणि काढून टाकला. म्हणजे पहारेकरी जागा होता, पेनड्राइव्हवरचा कचरा उचलतही होता, पण कचरा टाकणारा हात त्याला दिसत नव्हता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, तर चालू कामांच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट’ ही ओळ दिसली. ही ओळ मुळात विंडोजचीच आहे, ती व्हायरस नव्हे. पण घरगुती संगणकावर कोणी स्क्रिप्ट चालवत नसताना ती सतत जिवंत राहण्याचे काहीच कारण नसते.

तो हात का दिसत नव्हता, याचा उलगडा एका यादीत झाला, आणि पुन्हा पुन्हा व्हायरस येणाऱ्या प्रत्येक घरी मी आता तीच यादी सर्वांत आधी पाहतो. विंडोज सिक्युरिटी उघडावी, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जावे, तेथील सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’वर क्लिक करावे आणि अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’ हा भाग पाहावा. ज्या जागा तपासू नयेत, अशांची ती यादी असते. सामान्य घरात ती रिकामी असायला हवी. भावाच्या संगणकात तीत एकच नोंद होती: संपूर्ण सी ड्राइव्ह. दहा खोल्यांच्या वाड्याला पहारेकरी नेमावा आणि त्याला फक्त ओसरीवर उभे राहण्याची परवानगी असावी, तसा हा प्रकार होता.

ही नोंद व्हायरसने केली असेही कधी कधी घडते. येथे मात्र ती संगणक जोडून देणाऱ्याने केली असावी, असा माझा तर्क आहे, कारण विंडोजची प्रत विकत न घेता ‘ॲक्टिव्हेट’ करून देणारे जे चोरटे कार्यक्रम असतात, त्यांना डिफेंडर धोका समजून काढून टाकतो. मग ते टिकावेत म्हणून त्यांची जागा, किंवा आळस केला तर सगळाच ड्राइव्ह, तपासणीतून वगळला जातो, आणि जाता जाता अपडेटही बंद करून ठेवले जाते. ग्राहकाचे काही हजार रुपये वाचतात. पण तो संगणक पहिल्या दिवसापासून उघडाच असतो. संगणक नवा घेताना वा दुरुस्तीहून परत आणताना विंडोजचा परवाना बिलात दाखवला आहे का, हे पाहावे. आणि दाखवला नसेल तर ही यादी घरी आल्याबरोबर तपासावी.

साफसफाईचा क्रम

येथे क्रमाला महत्त्व आहे, आणि बहुतेक जण नेमका तोच उलटा करतात. आधी संगणक स्वच्छ करावा, पेनड्राइव्ह नंतर. पेनड्राइव्ह आधी फॉर्मॅट केला आणि त्याच आजारी संगणकाला जोडून ठेवला, तर ती मेहनत काही सेकंदांत वाया जाते.

सर्व पेनड्राइव्ह, मेमरी कार्डे आणि बाहेरच्या हार्ड डिस्क काढून ठेवाव्यात. एक्सक्लूजन्सची यादी रिकामी करावी. त्यानंतर त्याच पानावरील ‘चेक फॉर अपडेट्स’ वापरून व्हायरसची ताजी ओळखयादी उतरवून घ्यावी आणि मग इंटरनेट तोडावे, म्हणजे बाहेर बसलेल्या कोणाशी आतल्या वर्मचा संपर्क राहणार नाही. आता ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये जाऊन डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन निवडावा. यात संगणक स्वतः बंद होऊन सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उभे राहण्याच्या आधीच तपासणी करतो, त्यामुळे चालू असलेल्या व्हायरसला स्वतःचा बचाव करता येत नाही. साधारण पंधरा मिनिटे लागतात, जुन्या यंत्रावर अधिकही. तोवर पडदा काळा वा निळा दिसतो म्हणून कोणी घाबरून वीज बंद करू नये. हे झाल्यावर विंडोजमधून एकदा ‘फुल स्कॅन’ चालवावा. त्याला काही तास लागू शकतात, म्हणून तो रात्री लावून झोपावे हे उत्तम.

स्कॅननंतर दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करताना एक छोटी चौकट येऊ शकते, जिच्या माथ्यावर ‘विंडोज स्क्रिप्ट होस्ट’ असे लिहिलेले असते आणि आत स्क्रिप्टची फाइल सापडत नसल्याची तक्रार असते. ही चौकट पाहून अनेक जण व्हायरस परत आला असे समजतात. वस्तुतः ती चांगली खूण आहे: फाइल गेली, पण संगणक सुरू होताना तिला हाक मारणारी नोंद मागे राहिली. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ या भागात ती नोंद दिसली तर तेथे ती निष्क्रिय करता येते. तेथे नसेल तर मायक्रोसॉफ्टचेच ‘ऑटोरन्स’ नावाचे मोफत साधन घ्यावे. आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टी ते एकाच यादीत दाखवते आणि ज्यांची फाइलच जागेवर नाही, अशा ओळी पिवळ्या रंगात उठून दिसतात. आपल्याला नाव ओळखीचे वाटत नाही एवढ्यावरून कोणतीही ओळ पुसू नये. ज्या ओळीत त्या चौकटीतील स्क्रिप्टचेच नाव आहे, तेवढीच काढावी.

पेनड्राइव्हवरील फाइली परत मिळवणे

आता पेनड्राइव्ह जोडावा, पण त्यातील काहीही उघडू नये. फाइल एक्सप्लोररमध्ये त्याच्या नावावर उजवे क्लिक करून आधी डिफेंडरने तपासणी करून घ्यावी. बाणवाले शॉर्टकट आणि स्क्रिप्ट त्यात निघून जातील आणि पेनड्राइव्ह रिकामा दिसेल. प्रॉपर्टीजमध्ये मात्र वापरलेली जागा पूर्वीएवढीच दिसत असेल, तर फाइली जागेवरच आहेत. आणि सहसा असतातच.

त्या दिसाव्यात म्हणून ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये दोन बदल करावे लागतात: लपवलेल्या फाइली दाखवाव्यात असे सांगावे आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’समोरची खूण काढावी. नुसता पहिला बदल पुरत नाही, कारण या वर्मने ‘सिस्टम’ची खूणही लावलेली असते, येथेच बहुतेकांचे गाडे अडते. तेथेच ‘हाइड एक्स्टेन्शन्स’ची खूणही काढून टाकावी आणि ती कायमची काढलेलीच ठेवावी, म्हणजे पीडीएफ असल्याचे सोंग घेतलेल्या फाइलीचे खरे शेपूट दिसेल. आता आपले फोल्डर फिकट रंगात दिसू लागतात. काही प्रकारांत वर्म सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरात सरकवतो; नावाच्या जागी कोरी जागा असलेला फोल्डर दिसला तर तो उघडून पाहावा. ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन’ नावाचा एक फोल्डरही दिसेल, तो विंडोजचा स्वतःचा असतो, त्याला हात लावण्याचे कारण नाही.

सोपा मार्ग असा, की फिकट फोल्डर उघडून आतील कागदपत्रे, छायाचित्रे तेवढी संगणकावरच्या नव्या फोल्डरात कॉपी करावीत आणि पेनड्राइव्ह फॉर्मॅट करून टाकावा. सगळेच एका झटक्यात दृश्य करायचे असेल तर कमांड प्रॉम्प्टमधील एक जुना हुकूम आहे. तो मी पुतणीला नंतर फोनवर जसा सांगितला, तसाच येथे सांगतो, कारण वाचून टाइप करताना लोक जागा सोडायला विसरतात. पेनड्राइव्हला जे अक्षर मिळाले असेल, समजा ई, ते लिहून लगेच विसर्गासारखी दोन टिंबे द्यावीत आणि एंटर दाबावे. पुढच्या ओळीवर इंग्रजी अक्षरांत ए, टी, टी, आर, आय, बी, एक जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून एस, एक जागा, उणे चिन्ह आणि एच, एक जागा, तारा, टिंब, तारा, एक जागा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि एस, एक जागा, तशीच रेघ आणि डी, आणि एंटर. पहिल्या ओळीतील अक्षर पुन्हा एकदा तपासून पाहावे. हा हुकूम चुकून सी ड्राइव्हवर चालवला तर विंडोजच्या लपवून ठेवलेल्या फाइलींच्या खुणाही पुसल्या जातात.

इतके करूनही तो परत येतो, कारण अपडेट अडलेले असतात

अँटिव्हायरस ओळखीच्या चोराला पकडतो. खिडकीची कडी मोडलेली असेल, तर ती तो बसवून देत नाही. ते काम विंडोजच्या अपडेटचे. २०१० मध्ये स्टक्सनेट नावाच्या वर्मने विंडोजच्या शॉर्टकट दाखवण्याच्या पद्धतीतीलच एक खोट वापरली होती: फोल्डर उघडून चिन्ह नुसते पडद्यावर उमटले तरी तो चालू होई, क्लिकही नको. ती खोट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपडेट देऊन बुजवली. मे २०१७ मधील वॉनाक्राय या फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या वर्मची गोष्ट अधिक परिचित आहे. ज्या छिद्रातून तो जगभर पसरला, त्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ लाच उपलब्ध झाली होती, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. तरीही जूनच्या अखेरीस नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या वर्मने त्याच छिद्राचा पुन्हा वापर केला आणि त्या तडाख्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाजही ठप्प झाले. दुरुस्ती निघणे आणि ती आपल्या यंत्रावर बसणे यांत जे अंतर पडते, त्यातच हे सगळे घडते.

मायक्रोसॉफ्ट सुरक्षेची अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. भारतात तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून आपल्यापुरता तो बुधवार. घरगुती संगणकावर ती का बसत नाहीत, याची कारणे मला बहुधा तीनच आढळतात.

पहिले कारण फोनचा हॉटस्पॉट. अनेक घरांत वेगळे वाय-फाय नसते आणि संगणक फोनवर चालतो. असे जाळे विंडोजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणून नोंदलेले असेल, तर तुमचा डेटा वाचावा या सद्हेतूने मोठी अपडेट उतरवलीच जात नाहीत. महिन्यातून एकदा, डेटा भरपूर असेल अशा दिवशी, विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन मीटर्ड जोडणीवरही उतरवण्याची परवानगी द्यावी.

दुसरे कारण असे, की आपण संगणक रोज ‘शट डाउन’ करतो आणि समजतो की तो बंद झाला. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात सीपीयूखाली ‘अप टाइम’ पाहावा. रोज रात्री बंद होणारा भावाचा संगणक सलग ४१ दिवस चालू असल्याचे तेथे दिसले. बसायला आलेली काही अपडेट पूर्ण रीस्टार्टची वाट पाहत तशीच ताटकळत राहतात. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ निवडावे. त्या वेळी टक्केवारी एखाद्या आकड्यावर अर्धा तास अडली तरी बटण दाबून वीज तोडू नये; आणि जेथे वीज बेभरवशाची आहे व इन्व्हर्टर नाही, तेथे हे काम वीज टिकण्याच्या वेळी करावे.

तिसरे कारण जुन्या डेस्कटॉपचे आहे आणि ते शोधून काढायला मला स्वतःला एकदा दोन दिवस लागले होते. संगणक सुरू केला की घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले, अँटिव्हायरसची तक्रार की ओळखयादी जुनी आहे, बँकेचे संकेतस्थळ उघडले की ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा, आणि अपडेटला गेले की ८००७२एफ८एफ या अक्षर-आकड्यांनी संपणारी चूक. तारीख हाताने दुरुस्त केली की दिवसभर सगळे सुरळीत आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. लोक याला व्हायरस समजून फॉर्मॅट करून बसतात. खरे कारण मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या आतील मुख्य पाटीवर, बसवलेला, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपलेला असतो. संगणक बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालते. भिंतीवरचा खटका चालू असेपर्यंत घड्याळाला विजेचा आधार मिळतो, पण आपल्याकडे रात्री खटका बंद करण्याची सवय असल्याने सगळा भार सेलवर पडतो, आणि तो संपला की खटका बंद करताच तारीख विसरली जाते. सुरक्षित संकेतस्थळांची आणि अपडेटची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. संगणकाला आजची तारीखच चुकीची वाटत असेल, तर खरे प्रमाणपत्रही त्याला खोटे दिसते. वीज पूर्ण काढून, पेटीचे झाकण उघडून, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवा सेल बसवला की हा त्रास संपतो. घड्याळाच्या दुकानातही हा सेल मिळतो.

याखेरीज सी ड्राइव्ह भरलेला असणे हेही कारण असतेच. ८००७००७० या आकड्यांनी संपणारी चूक आली तर ती जागा नसल्याची समजावी आणि ‘डिस्क क्लीनअप’ चालवून जुना पसारा काढावा.

विंडोज १० असेल तर

विंडोज १० साठीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ७ चा तर १४ जानेवारी २०२० लाच संपला होता, तरी तो वापरणारे मला अजून भेटतात. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. विंडोज १० वर डिफेंडरची ओळखयादी रोज ताजी होत असलेली दिसते आणि ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत देत राहण्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितलेही आहे. त्यावरून संगणक अद्ययावत आहे असे वाटते. पण नव्याने सापडणारी छिद्रे बुजवणारी अपडेट ही वेगळी गोष्ट, आणि ती विस्तारित सुरक्षा योजनेत नाव नोंदवल्याशिवाय येत नाहीत. घरगुती वापरासाठी ही नोंदणी अपडेटच्याच पानावरून करता येते, संगणकाची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवली तर त्यासाठी पैसेही पडत नाहीत, आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यापूर्वी विंडोज ११ ची तयारी करावी. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ज्या जुन्या यंत्रात हे नाही, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकून ते पत्रव्यवहार आणि वाचनापुरते चालवणे मला जुने विंडोज चालू ठेवण्यापेक्षा बरे वाटते.

दुसरा अँटिव्हायरस घ्यावा का, हा प्रश्न हटकून येतो. पुण्याच्या क्विक हीलसारखे नाव मराठी घरांत ओळखीचे आहे, आणि पैसे भरून घेतलेले संरक्षण वाईट असते असे मी म्हणणार नाही. पण त्याची वर्गणी संपली की नूतनीकरण किंवा विस्थापन यांपैकी एक काम त्याच आठवड्यात करावे. दुसरा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर बाजूला होतो, आणि मुदत संपलेला पाहुणा दारात बसून राहिला तर नेमके पहाऱ्यावर कोण आहे, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही, जे फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले, तपासणीची साधने विनामूल्य मिळतात.

दुकानाशी व्यवहार

झेरॉक्सच्या दुकानात जाणे काही टळत नाही. प्रिंटची फाइल शक्यतो ई-मेलने पाठवावी. व्हॉट्सॲपने दुकानदाराच्या क्रमांकावर पाठवणेही चालते. मात्र दुकानाच्या संगणकावर स्वतःचे व्हॉट्सॲप जोडून ते तसेच सोडून येऊ नये, आणि तसे केले असेल तर फोनमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तोडून टाकावे. पेनड्राइव्हच न्यायचा असेल तर सर्वांत लहान, स्वस्त असा वेगळा ठेवावा, त्यावर त्या दिवशी लागणारी पीडीएफ तेवढी न्यावी आणि घरी आल्यावर तो उघडून न पाहता सरळ फॉर्मॅट करावा. वहिनींनी अशा पेनड्राइव्हला तांबडा दोरा बांधून तो चपलांच्या कपाटाशेजारच्या खिळ्याला अडकवला आहे. त्याची जागा घराच्या उंबऱ्यापाशीच, असा त्यांचा शेरा आहे, आणि तो तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे.

एवढे सगळे करून, यादी रिकामी ठेवून, दोनदा ऑफलाइन स्कॅन करूनही ‘चाचणी’ फोल्डराला बाण फुटतच असेल, किंवा काढलेली एक्सक्लूजन्सची नोंद दुसऱ्या दिवशी परत दिसत असेल, तर अधिक खटपट न करता विंडोज नव्याने बसवावे. त्यासाठीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने तयार करावा आणि बसवताना जुना सी ड्राइव्ह पुसून टाकावा. भावाकडे आम्हाला शेवटी हेच करावे लागले, कारण चोरट्या परवान्याचा कार्यक्रम आत असेपर्यंत ती नोंद पुन्हा होत राहणार होती. या वेळी परवाना विकत घेतला. ई-मेल आणि बँकेचे पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत, पण ते फोनवरून, त्या संगणकावरून नव्हे. आणि खात्यातून अनोळखी रक्कम गेलेली दिसली तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याच्या आत थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. नव्या विंडोजवर आधी सगळी अपडेट बसू द्यावीत, मगच जुन्या फाइलींची डिस्क जोडावी, आणि तीही आधी उजवे क्लिक करून तपासल्यावर.